पोलादाचा कठीणपणा आणि मऊपणा : उष्णतेचे शास्त्र व सावधगिरी

मालमोटारीच्या कमानीचा तुटलेला पाटा ग्रामीण भागात सहसा वाया जात नाही. लोहाराच्या ऐरणीवर त्याची कुऱ्हाड होते, कोयता होतो, कुळवाची पास होते. परंतु हा पाटा ज्या स्थितीत लोहाराच्या हाती येतो, त्या स्थितीत त्याला साधे भोक पाडणेही कठीण असते. ड्रिलचे पाते त्यावरून घसरते, करवतीचे दात बोथट होतात आणि कानस नुसती सरकत राहते. अनुभवी कारागीर अशा वेळी तो पाटा भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, कोरड्या राखेत पुरतो व दुसऱ्या दिवशी बाहेर काढतो. आता त्याच पाट्यावर कानस चालते, भोक पडते, हवा तसा आकार देता येतो. पाट्याच्या वजनात फरक पडलेला नसतो व त्याच्या पोटातील लोह-कार्बनाचे प्रमाणही तेच असते. बदललेली असते ती केवळ आतील रचना.

पोलादाचे बळ त्याच्या घटकद्रव्यांइतकेच त्यांच्या मांडणीत असते, आणि ही मांडणी उष्णतेने घडते व उष्णतेनेच मोडते. कारखान्यात याच नियमाच्या आधारे कठीण पोलाद हेतुपुरस्सर मऊ करण्यात येते. मात्र याच नियमाची जाणीव नसल्यामुळे बांधकामावरील एखादी मजबूत सळई दहा मिनिटांत कमकुवत होऊ शकते. शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, पाण्याच्या टाक्या अशा सार्वजनिक कामांवर देखरेख करणाऱ्यांनी या नियमाच्या दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

पोलादाचे अंतरंग

पोलाद हा मुख्यतः लोह व कार्बन यांचा मिश्रधातू होय. बांधकामाच्या सळईत कार्बनचे प्रमाण साधारणतः ०.२ टक्क्यांच्या आसपास, कमानीच्या पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के आणि बॉल बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का असते. आकडे लहान दिसले तरी त्यांचा परिणाम फार मोठा असतो.

शुद्ध लोहाचे अणू नेहमीच्या तापमानाला घनाकृतीच्या आठ कोपऱ्यांवर आठ व मध्यभागी एक अशा मांडणीत असतात. लोहाच्या या मऊ व चिवट रूपास फेराइट म्हणतात. फेराइटच्या पोटात कार्बनला जागा जवळजवळ नसते. ७२७ अंश सेल्सिअसलाही त्यात जेमतेम ०.०२ टक्के कार्बन सामावतो. शुद्ध लोह ९१२ अंशांच्या वर तापविले की अणूंची मांडणी बदलते. कोपऱ्यांबरोबर घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावरही अणू येतो. हे ऑस्टेनाइट होय. यात अधिक तापमानाला सुमारे २ टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. कार्बनयुक्त पोलादात हा पालट ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. पोलादाच्या उष्णतोपचारातील बहुतेक सर्व किमया या एका आकड्याभोवती फिरते.

तापलेले पोलाद सावकाश थंड होऊ दिले तर फेराइटमध्ये न मावणारा कार्बन बाहेर पडतो आणि तीन लोह-अणूंमागे एक कार्बन-अणू या प्रमाणात सिमेंटाइट नावाचे अतिशय कठीण व ठिसूळ संयुग बनवतो. फेराइट व सिमेंटाइट यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर या थरांना शिंपल्याच्या आतील बाजूसारखी झळाळी दिसते, म्हणून या रचनेस पर्लाइट असे नाव पडले.

ही रचना प्रथम डोळ्यांपुढे आणण्याचे श्रेय इंग्लंडमधील शेफील्ड येथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांच्याकडे जाते. १८६३-६४ च्या सुमारास त्यांनी पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, सौम्य आम्लाने किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रशियात दिमित्री चेर्नोव यांनी १८६८ मध्ये पोलाद ज्या विशिष्ट तापमानांना आपले अंतरंग पालटते त्यांकडे लक्ष वेधले. पुढे जर्मनीतील अडोल्फ मार्टेन्स व इंग्लंडमधील विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या गौरवार्थ मार्टेन्साइट व ऑस्टेनाइट ही नावे रूढ झाली. लोहाराच्या हातात पिढ्यान् पिढ्या असलेल्या कसबाला अशा रीतीने कारणमीमांसेची जोड मिळाली.

कठीणपणा कोठून येतो?

धातू वाकतो त्या वेळी त्याच्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. थर सहज सरकले तर धातू मऊ आणि सरकण्यात अडथळे आले तर कठीण, असा हा हिशेब आहे. पोलादात असे अडथळे मुख्यत्वे चार प्रकारचे असतात : स्फटिकात कोंडलेला कार्बन, सिमेंटाइटचे बारीक थर किंवा कण, स्फटिकांचा लहान आकार, आणि थंड अवस्थेत ठोकल्याने, ओढल्याने वा पिळल्याने निर्माण झालेला आंतरिक गुंता.

लाल तापलेले पोलाद पाण्यात किंवा तेलात एकदम बुडविले तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो जागच्या जागी कोंडला जातो व अणूंची चौकट ताणून धरतो. ही मार्टेन्साइट रचना अत्यंत कठीण, परंतु काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून असे पोलाद पुन्हा १५० ते ६५० अंशांच्या दरम्यान, कामाच्या गरजेनुसार, तापविण्यात येते. या टेंपरिंगमुळे थोडा कठीणपणा सोडावा लागतो व त्या बदल्यात चिवटपणा मिळतो. कमानीचा पाटा याच रीतीने तयार झालेला असतो. म्हणूनच तो ओझ्याखाली लवतो, पण मोडत नाही.

मऊ करण्याच्या चार रीती

पोलाद मऊ करणे म्हणजे वरील अडथळे उष्णतेच्या साहाय्याने दूर करणे. या क्रियेस शास्त्रीय भाषेत अनुशीतन म्हणतात. कार्यशाळांत ॲनीलिंग हा शब्द रूढ आहे. पोलाद कोणत्या जातीचे आहे व पुढे त्याचे काय करावयाचे आहे, यावरून रीत ठरते.

पहिली रीत पूर्ण अनुशीतनाची. मध्यम कार्बनचे पोलाद, ज्या तापमानाला त्याचे संपूर्ण रूपांतर ऑस्टेनाइटमध्ये होते त्याच्या ३० ते ५० अंश वर तापवून, उष्णता गाभ्यापर्यंत पोचेतो तेथेच ठेवतात. दर २५ मिलिमीटर जाडीस सुमारे एक तास हा कार्यशाळांतील जुना आडाखा आहे. नंतर भट्टी बंद करून तुकडा भट्टीतच निवू देतात. कोंडलेला कार्बन बाहेर पडून जाड थरांचे पर्लाइट तयार होते व पोलाद मऊ पडते.

दुसरी रीत सिमेंटाइटचे गोलक बनविण्याची. अधिक कार्बनच्या पोलादात नुसत्या पर्लाइटने पुरेसा मऊपणा येत नाही. सिमेंटाइटचे थर जणू कठीण पत्र्यांची कुंपणेच असतात आणि कापणाऱ्या हत्याराला प्रत्येक कुंपण तोडून पुढे जावे लागते. असे पोलाद ७२७ अंशांच्या किंचित खाली, म्हणजे ७०० अंशांच्या आसपास, अनेक तास ठेवले तर थर तुटून त्यांचे लहान लहान गोळे बनतात. पाण्यावरील तेलाचे थेंब जसे एकत्र येऊन आपला पृष्ठभाग कमी करतात, तशीच ही प्रवृत्ती आहे. आता मऊ फेराइट सर्वत्र सलग पसरलेले असते व कठीण गोळे त्यात विखुरलेले राहतात. कार्बन तेवढाच असूनही पोलाद बरेच मऊ होते.

तिसरी रीत मिश्र पोलादांसाठी विशेष महत्त्वाची आहे. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम यांचा अंश असलेली काही पोलादे इतक्या सहज कठीण होतात की, त्यांना पाण्यात बुडविण्याचीही गरज नसते. लाल करून उघड्या हवेत ठेवली तरी ती कठीण होतात. मऊ करण्यासाठी तापविलेला तुकडा अधिकच कठीण झाल्याचा चमत्कारिक अनुभव कारागिरांना येतो तो यामुळेच. अशी पोलादे ७२७ अंशांची सीमा न ओलांडता, साधारणतः ६५० ते ६८० अंशांना काही तास ठेवून मऊ करणे सोयीचे पडते. सीमा ओलांडली नाही तर नवे मार्टेन्साइट निर्माण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

चौथी रीत थंड अवस्थेत ताणलेल्या वा ठोकलेल्या, कमी कार्बनच्या पोलादासाठी आहे. तार ओढताना ती प्रत्येक टप्प्यागणिक कडक होत जाते व अखेर तुटू लागते. तिला ५५० ते ७०० अंशांच्या दरम्यान तापविले की ताणलेल्या जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणरहित स्फटिक जन्म घेतात. बांधकामावर सळ्या बांधण्यासाठी जी काळी, हाताने सहज पिळता येणारी तार वापरतात, ती अशीच मऊ केलेली असते.

मऊपणा हा नेहमीच गुण असतो असे मात्र नाही. कमी कार्बनचे पोलाद फाजील मऊ केल्यास कापताना हत्याराला चिकटते व पृष्ठभाग खडबडीत होतो.

बेअरिंगचा प्रवास

विहिरीवरील पंपात, सायकलीच्या चाकात व ट्रॅक्टरमध्ये असलेले बेअरिंग हे या शास्त्राचे उत्तम उदाहरण होय. त्यासाठी प्रामुख्याने १ टक्का कार्बन व सुमारे १.५ टक्का क्रोमियम असलेले पोलाद वापरतात. तयार बेअरिंगचा कठीणपणा रॉकवेल सी मापनपद्धतीवर ६० च्या आसपास असतो. अशा कठीण पोलादातून कडी कातून काढणे व्यवहार्य नसते. म्हणून कारखान्यात प्रथम त्यातील सिमेंटाइटचे गोलक बनवून त्याचा कठीणपणा ब्रिनेल पद्धतीने सुमारे २०० पर्यंत उतरवतात. मग कातकाम होते. त्यानंतर ते पुन्हा सुमारे ८५० अंशांना तापवून तेलात बुडवतात व हलके टेंपरिंग करून घासून अंतिम मापास आणतात. आधी बारीक व सारखे गोलक बनलेले असतील तरच नंतरचा कठीणपणाही सर्वत्र सारखा येतो. मऊ करणे ही येथे पुढील बळाची पूर्वतयारी ठरते.

गावच्या कार्यशाळेत

ही प्रक्रिया लहान कार्यशाळेतही साधता येते, मात्र चार गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली तापमानाची. पोलाद सुमारे ७७० अंशांना आपले चुंबकत्व गमावते. त्यामुळे तारेला बांधलेला चुंबक हा गरीब कारागिराचा तापमापक ठरतो. कमानीच्या पाट्याला चुंबक चिकटेनासा झाल्यावर आणखी थोडी आंच दिली की पुरे. रंगाची पारख सावलीत करावी, उन्हात लाली फिकी भासते व तुकडा अतितप्त होतो.

दुसरी गोष्ट अतिरेक टाळण्याची. पिवळसर पांढरे होईतो तापविल्यास स्फटिक मोठे होतात व पोलाद ठिसूळ बनते, तर ठिणग्या उडेपर्यंत तापविलेले पोलाद जळून कायमचे निकामी होते. तिसरी गोष्ट पृष्ठभागाच्या संरक्षणाची. उघड्या आंचेत फार वेळ राहिल्यास वरच्या थरातील कार्बन जळून जातो. अशा हत्याराला पुढे कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. चौथी गोष्ट म्हणजे संथ निवणे. कोरडी राख वा चुन्याची भुकटी यांत तुकडा सर्व बाजूंनी झाकून रात्रभर ठेवावा. राख ओलसर असेल तर सारे श्रम वाया जातात.

आकार दिल्यानंतर हत्याराला पुन्हा कठीण करणे व टेंपरिंग करणे आवश्यक असते. चकचकीत केलेल्या पात्यावर तापताना येणारे रंग येथे मार्गदर्शक होतात. सुमारे २२० ते २३० अंशांना गवती पिवळा, २७० ते २८० अंशांना जांभळा व ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग दिसतो. नुसती धार हवी तेथे पिवळ्या रंगावर थांबतात. घाव सोसावयाच्या हत्याराला जांभळ्या वा निळ्या रंगापर्यंत नेणे हितावह असते.

नको असलेला मऊपणा

आता नाण्याची दुसरी बाजू. बांधकामावर वापरली जाणारी टीएमटी सळई ही उष्णतोपचारानेच बळकट झालेली असते. रोलिंग मिलच्या अखेरच्या रुळांतून ती लाल तप्त बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. बाहेरचा थर क्षणार्धात मार्टेन्साइटमध्ये रूपांतरित होतो. गाभा मात्र तप्तच असतो. त्याची उष्णता बाहेर येऊन त्या कठीण थराचे आपोआप टेंपरिंग करते. परिणामी बाहेरून मजबूत कडे व आतून चिवट गाभा अशी दुहेरी रचना तयार होते. भारतीय मानक १७८६ मध्ये अशा सळ्यांच्या प्रती ठरविल्या आहेत. ‘एफई ५००’ मधील ५०० हा आकडा, सळई कायमची ताणली जाऊ लागण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किमान किती न्यूटन ताण सोसेल, ते दर्शवितो. ‘एफई ५०० डी’ सळईत तुटण्यापूर्वी किमान १६ टक्के लांबण्याची क्षमता असावी लागते. भूकंपाच्या हादऱ्यात इमारतीस तग धरण्याची संधी मिळते ती बळाबरोबरच या लांबण्याच्या क्षमतेमुळे.

प्रत्यक्ष कामावर काय घडते? कॉलमच्या सळ्या ओळीत येत नाहीत, जाड सळई वाकत नाही, किंवा जुन्या कामातून बाहेर ठेवलेल्या सळ्या सरळ करावयाच्या असतात. अशा वेळी गॅसची ज्योत लावून किंवा जळणात घालून सळई लाल केली जाते. ती सहज वाकते व काम उरकल्याचे समाधान मिळते. परंतु लाल झालेल्या त्या भागात ७२७ अंशांची सीमा ओलांडली जाऊन बाहेरचे मजबूत कडे नाहीसे होते. सावकाश निवल्यावर तेथे साध्या मऊ पोलादाच्या जवळ जाणारी रचना उरते. कागदोपत्री सळई ५०० प्रतीचीच राहते, प्रत्यक्षात मात्र सर्वांत मोक्याच्या जागी, म्हणजे कॉलमच्या बुडाशी, तिचे बळ घटलेले असते. घाईने त्या लाल सळईवर पाणी ओतले तर उलट धोका उद्भवतो. तेथे टेंपरिंग न झालेला ठिसूळ पट्टा तयार होऊ शकतो. यातील कोणतीच गोष्ट काँक्रीट ओतल्यावर डोळ्यांना दिसत नाही.

टीएमटी येण्यापूर्वी पिळाच्या सळ्या प्रचारात होत्या व जुन्या इमारतींत त्या आजही आहेत. त्यांचे बळ थंड अवस्थेतील पिळामुळे आलेले असते. त्या तापविल्यास वर सांगितलेल्या चौथ्या रीतीनुसार नवे स्फटिक तयार होतात व पिळाने आलेले बळ निघून जाते. जुन्या शाळेवर नवा मजला चढविताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

देखरेख करणाऱ्यांनी काय पाहावे?

सळ्या थंड अवस्थेतच व योग्य व्यासाच्या खुंटीभोवती वाकवाव्यात. ज्योत लावून वाकविण्यास मनाई असल्याचे काम सुरू होण्यापूर्वीच ठेकेदारास स्पष्ट सांगावे. सळ्या ओळीबाहेर गेल्या असतील तर उपाय अभियंत्याने ठरवावा, तो कामगारांवर सोपवू नये. जोडकाम करावयाचे झाल्यास सळईची जात, योग्य इलेक्ट्रोड व कुशल कारागीर यांची खात्री करून घ्यावी. सळ्या जागी धरण्यासाठी केलेले वेल्डिंगचे लहान टाके निरुपद्रवी वाटले तरी त्या ठिकाणी सळईची रचना बिघडते. त्यासाठी बांधणीची तारच वापरावी.

काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या पाहणीत, सळईवर एकाच जागी रंग बदललेला वा पापुद्रे सुटलेला पट्टा दिसल्यास त्याबाबत विचारणा करावी. संशय असेल तर तुकडा कापून चाचणीस पाठवावा. सळईचे कापलेले टोक घासून त्यावर अल्कोहोलमिश्रित सौम्य नायट्रिक आम्ल लावले असता बाहेरचे कडे गडद वर्तुळासारखे उमटते. कडे नसेल वा तुटक असेल तर ते लगेच ध्यानात येते. ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी. आगीत सापडलेल्या इमारतीतील सळ्या काढून नव्या कामात वापरू नयेत, आणि अशी इमारत तज्ज्ञांच्या तपासणीवाचून पुन्हा वापरात आणू नये. सुमारे ६०० अंशांना पोलादाचे बळ निम्म्याच्या आसपास येते. सळईवरील काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

वर्गातील एक प्रयोग

विज्ञान शिक्षकांना हा विषय शिवणकामाच्या तीन सुयांवर दाखविता येईल. चष्मा लावून, चिमट्याने धरून एक सुई ज्योतीत लाल करावी व ज्योतीतून अगदी हळूहळू बाहेर काढावी. थंड झाल्यावर ती तारेसारखी वाकते. दुसरी लाल करून तत्काळ पाण्यात बुडवावी. ती कापडात गुंडाळून वाकवू जाता मोडते. तिसरी तशीच बुडवून, घासून चकचकीत करावी व निळा रंग येईतोच पुन्हा तापवावी. ती लवते व सरळ होते. तिन्ही सुया एकाच पाकिटातील, एकाच पोलादाच्या. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, विद्यार्थ्यांनी अंतरावरून पाहावा.

राखेत पुरलेला कमानीचा पाटा आणि ज्योतीने वाकविलेली कॉलमची सळई या दोहोंत एकच नियम काम करीत असतो. पहिल्या ठिकाणी कारागीर जाणूनबुजून बळ काढून घेतो व काम झाल्यावर ते परत देतो. दुसऱ्या ठिकाणी ते नकळत काढून घेतले जाते आणि परत देण्याचे कोणाच्या ध्यानीही नसते. गावच्या शाळेचे छप्पर ज्या सळ्यांवर उभे राहावयाचे आहे, त्यांच्याजवळ गॅसची नळकांडी दिसताच काम थांबविण्याइतकी जाणकारी पंचायतीच्या सभासदाजवळ असली, तर त्या छपराखाली बसणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेची मोठी काळजी घेतली गेली असे म्हणता येईल.